फियाट घ्यावी की हेराल्ड?



हडपसरमध्ये चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, म्हणून संयोजकांनी मला गाड्यांवर बोलायला उभं केलंय. विषयही आयताच मिळाला. आपल्यातला एक जण नुकताच निवृत्त झाला. फंडाचे पैसे हातात आलेत आणि त्याला जुनी गाडी घ्यायचीय. फियाट अकराशे की स्टँडर्ड हेराल्ड, एवढंच ठरायचंय. वहिनी समोर बसल्यात, म्हणून नाव सांगत नाही.

दोन्ही गाड्यांचं कूळ शर्यतीचं. अकराशेची 'टीव्ही' नावाची चपळ आवृत्ती १९५३ साली निघाली आणि इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत धावली. आपल्याकडे मात्र वालचंद शेठजींच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आली ती सोज्वळ फियाट. लोकांनी तिला 'डुक्कर' म्हटलं, आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. हेराल्ड इंग्लंडची, रेखाटन मिकेलोत्ती या इटालियनाचं. तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार बनवली. मद्रासला तयार झालेली चार दारांची हेराल्ड तर खुद्द इंग्लंडातही नव्हती. संग्राहक तिच्यामागे लागतात ते उगाच नाही.

मिस्त्रीला हेराल्ड आवडते. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. वळते तर अशी, की पेठेतल्या बोळातूनही परत फिरेल. पण तिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झुलतात. वळणावर जोरात असताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी सटकते. दिवे घाटात हे लक्षात ठेवावं लागतं.

फियाट तशी मनमिळाऊ. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढच्या सीटवर तिघं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती २०२३ पर्यंत चालवली, त्यामुळे तिचे पार्ट आणि तिची नस ओळखणारे हात अजून सापडतात. नाना पेठेत फियाटचा पार्ट विचारला तर दुकानदार आत बघायला तरी जातो. हेराल्डचं नाव काढलं की चहा मागवतो!

खरी परीक्षा गंजाची. रंग बघून भुलू नका, खाली झोपा. हेराल्डला वेगळी चासी आहे. तिचे बाजूचे हात सडले की दारं नीट लागत नाहीत. फियाटला वेगळी चासीच नाही, दाराखालचा पत्रा हाच कणा. तो सडला तर इंजिन कितीही गोड वाजू दे, गाडी सोडून द्या.

आणि कागदपत्रं. २०२१ च्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार. (वयाच्या अटीत आपण सगळेच बसतो, मूळ रूपाचं तेवढं बघावं लागेल.) पण मग रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. रोज मंडईत नेता येत नाही.

माझं मत विचाराल तर फियाट. दारात दुसरी गाडी असेल, आणि सहा महिने एका पार्टची वाट बघायची तयारी असेल, तरच हेराल्ड. फंडाचे पैसे एकदाच येतात.

येत्या रविवारी दोन्ही गाड्या बघायला जायचं ठरलंय. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर मी आणतो. चेकबुक तेवढं वहिनींकडे राहू द्या.