दुसरी बाजू ऐकणारा पटकथाकार



आमच्या गावच्या जत्रेत देवीचा एक भगत असे. ढोल वाजू लागला की त्याच्या अंगात यायचे. भंडारा उधळला जायचा, गावची मोठमोठी माणसे त्याच्या पायांवर डोके ठेवायची आणि आम्ही पोरे दुरून भीतभीत बघायचो. जत्रा पांगली की हाच म्हातारा फाटकी पैरण घालून बांधाबांधाने जाताना दिसे. त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे गावात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही कधी विचारले नाही. पुढे कॉलेजात असताना एक मल्याळी चित्रपट पाहिला आणि तो म्हातारा एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या चित्रपटाचे नाव 'निर्माल्यम्'. त्याचे लेखक आणि दिग्दर्शक होते एम. टी. वासुदेवन नायर. त्यांच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

केरळात त्यांना सगळे नुसते 'एम. टी.' म्हणत. १९३३ साली पालघाटकडच्या कूडल्लूर या नदीकाठच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील नोकरीसाठी सिलोनात. एम. टी. पालघाटच्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले, १९५३ साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले. काही काळ त्यांनी शाळेत गणित शिकवले. मग कोळिकोडच्या 'मातृभूमि' साप्ताहिकात उपसंपादक म्हणून रुजू झाले आणि पुढे त्याचे संपादकही झाले. १९५८ साली त्यांची 'नालुकेट्टु' ही कादंबरी आली. नालुकेट्टु म्हणजे आपल्याकडचा चौसोपी वाडाच म्हणा ना! नायर घराण्यांत वंश आईकडून चाले आणि घरचा कारभार मामाच्या हाती असे. अशा एका मोडकळीला आलेल्या वाड्याची आणि तिथे परका ठरलेल्या एका पोराची ती कथा आहे.

शिक्षक, लेखक, संपादक आणि वर सिनेमावाले! ही बेरीज ऐकली की आपल्याला आचार्य अत्रे आठवल्यावाचून राहत नाहीत. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तोच मान १९७३ सालच्या 'निर्माल्यम्'ला मिळाला. एम. टीं.नी दिग्दर्शित केलेला तो पहिलाच चित्रपट.

पण पटकथा ते त्याआधीपासून लिहीत होते. १९६५ साली 'मुरप्पेण्णु' आला. मुरप्पेण्णु म्हणजे रिवाजाने हक्काची ठरलेली मामाची मुलगी. १९६७ साली 'इरुट्टिन्टे आत्मावु' आला. त्यात वेलायुधन नावाचा मोठ्या घरातला एक मुलगा आहे. मनाने अधू. घरचे त्याला साखळदंडाने बांधून ठेवतात. त्याच्यावर माया करणारी मामेबहीण एका वयस्क बिजवराला दिली जाते, तेव्हा तो आपण होऊन म्हणतो, मी वेडा आहे, मला बांधा. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, वेडा नक्की कोण?

आता 'निर्माल्यम्'कडे वळू. निर्माल्य म्हणजे देवाला वाहून झालेली, उतरवून ठेवलेली फुले. खेड्यातले एक देऊळ. उत्पन्न आटलेले, विश्वस्ताचे लक्ष नाही. तिथे एक वेलिच्चप्पाडु आहे, म्हणजे देवी ज्याच्या अंगात येते आणि ज्याच्या तोंडून बोलते असा माणूस. शिकलेल्या मुलाला नोकरी नाही. तो देवीची तलवार मोडीत विकायला काढतो. बाप त्याला घराबाहेर घालवतो. मुलीला नवा पुजारी फसवतो. इतक्यात गावात देवीची साथ येते. देवी कोपली म्हणून घाबरलेले गाव मोठा उत्सव मांडते. म्हाताऱ्याला धन्य वाटते. आणि ऐन उत्सवाच्या दिवशी त्याला कळते की आपली बायको सावकाराला वश झाली आहे. ती सांगते, मुलांच्या तोंडी घास पडला तो असा. तो काही बोलत नाही. देवीपुढे जाऊन नाचतो, तलवारीने स्वतःचे कपाळ फोडून घेतो, रक्ताची चूळ मूर्तीच्या तोंडावर टाकतो आणि कोसळतो. पी. जे. अँटनी यांनी ती भूमिका केली. त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, ही देवाची निंदा झाली. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मनापासून भक्ती केली, त्याचाच हा आक्रोश आहे. आणि त्यात दोष असलाच तर तो गावाचा आहे. गावाला भगत हवा होता. भगताचे पोट कोणाला नको होते.

एम. टीं.चे मोठेपण मला इथे दिसते. ज्याची बाजू कोणी ऐकली नाही, त्याच्यापाशी ते जाऊन बसतात. आपल्या पोवाड्यांसारखी उत्तर मलबारात जुनी वीरगीते आहेत. त्यांत चंतू नावाचा योद्धा दगाबाज म्हणून पिढ्यान् पिढ्या बदनाम झाला. भावासारख्या आरोमलला त्याने दगा दिला, असे गीते सांगतात. १९८९ सालच्या 'ओरु वडक्कन वीरगाथा'त एम. टीं.नी विचारले, चंतूला कोणी विचारले का? त्यांचा चंतू दगा देत नाही. परिस्थिती आणि माणसे त्याला तसा ठरवतात. १९८४ सालच्या कादंबरीत त्यांनी महाभारत सांगितले तेही भीमाच्या बाजूने. १९९४ सालच्या 'परिणयम्'मध्ये त्यांनी जातपंचायतीपुढे उभी केलेली नंबुद्री घराण्यातली तरुण विधवा दाखवली. 'वीरगाथा', 'कडवु', 'सदयम्' आणि 'परिणयम्' अशा चार पटकथांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यांपैकी 'कडवु' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला होता. पन्नासांहून अधिक पटकथा त्यांनी लिहिल्या. १९९५ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. २५ डिसेंबर २०२४ रोजी कोळिकोडला ते वारले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक सुचवावेसे वाटते. वर्गात एखादी जुनी गोष्ट सांगून झाली की मुलांना म्हणा, आता हीच गोष्ट त्यात हरलेल्याच्या तोंडून लिहा. रावणाची बाजू खरी ठरेल असे नाही, ठरू नयेही. पण निवाडा देण्याआधी ऐकून घ्यावे, ही सवय मुलांना लागेल. चावडीवर बसणाऱ्या मोठ्या माणसांनाही ती लागली तर बरेच होईल.

आमच्या गावचा तो भगत केव्हाच गेला. मला त्याचे नावसुद्धा धड ठाऊक नाही; सगळे त्याला भगतच म्हणत. तुमच्या गावी असा कोणी असेल, तर येत्या जत्रेत नारळ जरूर फोडा. पण जत्रा पांगल्यावर एकदा त्याच्या घरी जा आणि विचारा, बाबा, जेवलात का?