महामार्गाचा कायदा आणि ग्रामसभेचा अधिकार



नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या वेगाची वर्णने पुष्कळ झाली; परंतु दहा जिल्ह्यांतील जमीन ज्या कायद्यांच्या बळावर रस्त्याखाली आली, त्यांचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुळातून तपासला पाहिजे.

महामार्गांचा मूळ राज्य कायदा १९५५ चा, मुंबई राज्याचा. रस्त्यामुळे ज्याच्या जमिनीचे मोल वाढेल त्याच्याकडून सुधारणा आकार घेण्याची तरतूद त्यात होती. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या मूल्यावर समाजाचा हक्क असतो, हे तत्कालीन विधिमंडळाला मान्य होते. समृद्धीच्या काठी नवनगरे आखताना या तत्त्वाची चर्चा फारशी झाली नाही.

केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने गावाला दुसरा हक्क दिला. संपादनापूर्वी ग्रामसंस्थांशी विचारविनिमय करून सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक झाले. पाच प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देऊ पाहणारा वटहुकूम डिसेंबर २०१४ मध्ये निघाला, दोनदा नव्याने काढला गेला आणि देशव्यापी विरोधापुढे ऑगस्ट २०१५ मध्ये निष्प्रभ झाला. लढाई जिंकली, असे तेव्हा अनेकांना वाटले.

पण भूसंपादन हा विषय समवर्ती सूचीतला. राष्ट्रपतींची संमती मिळाली की राज्याला केंद्रीय कायद्याहून वेगळी वाट धरता येते. दिल्लीत जे साधले नाही, ते या वाटेने मुंबईत साधले. समृद्धीसाठी प्रथम भूसंचयाची योजना पुढे आली. सिन्नर–शहापूरकडील शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला. पुढे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दर देऊन थेट खरेदी सुरू झाली. आणि २०१८ मध्ये राज्याने केंद्रीय कायद्यात १०५-अ हे कलम घालून महामार्ग कायद्याखालील संपादनाला त्यातून वगळले. मोबदल्याच्या तरतुदी शाबूत राहिल्या, गेले ते मूल्यमापन. दाम मिळेल, विचारणा होणार नाही, असा याचा सरळ अर्थ.

२०२४ मध्ये शक्तिपीठ महामार्गाची अधिसूचना याच राज्य कायद्याखाली निघाली. कोल्हापुरात मोर्चे निघाले आणि ऑक्टोबरमध्ये त्या जिल्ह्यापुरती ती रद्द झाली. विधानसभेची निवडणूक पुढच्याच महिन्यात होती. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हाही ग्रामसभांचे मत घेण्याचे बंधन या कायद्याने सरकारवर नव्हते.