आधी पारख, मग पॉलिश

आज मी गाडीच्या चकाकीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं मोटारी पुसायच्या आहेत! पण आता कितीतरी गावांत हमरस्त्याला गाड्या धुण्याचं काम गटाच्या बायका करतात. कुणाच्या घरी प्रवासी जीप आहे, कुणाचा नवरा रिक्षा चालवतो. दसऱ्याला गाडीची पूजा तर घरोघरी होते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आमच्या गटातल्या आम्ही पाचजणी. गटातूनच कर्ज काढलं, पाण्याची मोटर घेतली, पत्र्याचं छप्पर घातलं आणि धुलाईचं काम सुरू केलं. पहिल्याच वर्षी एक गुरुजी काळी गाडी घेऊन आले. मुलीचा साखरपुडा होता. म्हणाले, "ताई, गाडी आरशासारखी झाली पाहिजे." मी दुकानात जाऊन नुसतं "चमकायचं औषध द्या" म्हटलं. दुकानदारानं एक डबी दिली. ती घेऊन भर दुपारी उन्हात, मोठ्या भांड्याची काजळी काढावी तसं मी बॉनेट घासलं. सावलीत गाडी छान दिसली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ती उन्हात उभी केली, तर सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा! आणि कडेला हातभर जागा निस्तेज, पांढुरकी पडलेली. बॉनेट पुन्हा रंगवून द्यावं लागलं. त्यात गटाची महिन्याभराची कमाई गेली.

चूक कुठं झाली ते त्या रंगकाम करणाऱ्या दादांनी समजावलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आताच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे थर असतात. खाली अस्तर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची खोल चकाकी या वरच्या थरातून येते. तो असतो किती जाड? साधारण 40 ते 50 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसापेक्षाही पातळ! पत्रा जिथं वळतो तिथं, कडांना, तो आणखी पातळ असतो. मी नेमकं तिथंच जोर लावून घासलं होतं.

आता पॉलिश आणि वॅक्स यांतला फरक नीट ऐका, कारण दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेलं असतं. तांब्याची कळशी आपण चिंचेनं घासतो, तेव्हा वरचा काळा थर निघून जातो आणि तांबं उजळतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो, तेव्हा वरून नवा थर चढतो. पॉलिश म्हणजे चिंचेचं घासणं. ते थोडं काढून घेतं. वॅक्स म्हणजे कल्हई. ते वर बसतं आणि राखण करतं. चरे पडलेल्या गाडीला नुसतं वॅक्स लावलं, तर चरे तसेच राहतात. नुसतं पॉलिश करून सोडलं, तर वर संरक्षण काहीच राहत नाही.

पॉलिशमध्येही जाड-बारीक असतं. जात्यातून जशी भरड निघते, मग रवा, मग मैदा, तसंच. रबिंग कंपाउंड म्हणजे भरड. खोल ओरखडे आणि जुना मेलेला रंग यांच्यासाठी ते असतं. मला दुकानदारानं दिलं ते हेच. मधलं पॉलिश म्हणजे रवा. आणि शेवटी हात फिरवायचं फिनिशिंग पॉलिश म्हणजे मैदा. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर बारीकशी रेषही उठून दिसते, म्हणून तिथं शेवटचा हात मैद्याचाच हवा. पांढऱ्या किंवा रुपेरी गाडीवर रेषा कमी दिसतात, पण म्हणून तिथं भरड वापरायची असं नव्हे.

नियम एकच. सगळ्यात सौम्य आधी. दाराच्या खालच्या बाजूला, कडेपासून दूर, फूटभर जागेत लावून बघा. उन्हात नेऊन तपासा. तेवढ्यानं भागलं तर पुढची डबी उघडूच नका. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तो ओरखडा पॉलिशनं जाणार नाही. गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगा. फडक्याला गाडीचाच रंग लागायला लागला, तर त्या गाडीवर पारदर्शक थर नाही असं समजा. जुन्या गाड्या, ट्रॅक्टर यांचं असं असतं. तिथं हात आणखी हलका ठेवा.

आता वॅक्स. डबीवर कार्नोबा हा शब्द दिसेल. ब्राझील देशाच्या ईशान्य भागात एक ताडासारखं झाड होतं, त्याच्या पानांवरचं हे मेण. आपलं मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, हे मात्र 80 अंशांच्या पुढे. म्हणून उन्हात ते जास्त टिकाव धरतं. गडद रंगाला त्यानं ओलसर, खोल झळाळी येते. पण आपल्या उन्हा-धुळीत दीड-दोन महिन्यांत ते उतरतं. दुसरा प्रकार सीलंटचा, म्हणजे कारखान्यात तयार केलेला लेप. तो काही महिने जास्त टिकतो, चकाकी मात्र जरा काचेसारखी, कोरडी वाटते. रोज प्रवासी वाहणाऱ्या जीपला सीलंट बरं. लग्नकार्याला न्यायच्या काळ्या गाडीला कार्नोबा. गाडीवर पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखे गोल झाले तर वॅक्स शाबूत आहे. पाणी पसरून चिकटून राहिलं तर पुन्हा लावायची वेळ झाली.

दुकानात जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. यात घासणारी पूड आहे का? असेल तर जाड की बारीक? क्लिअर कोटवर चालतं का? आणि डबीवरचं स्वतः वाचा, नाहीतर लेकीकडून वाचून घ्या. बोटावर घेऊन चोळलं आणि कणकण लागलं नाही, म्हणजे त्यात पूड नाही असं समजू नका. बारीक पूड हाताला कळत नाही.

लावण्याची रीतही ऐका. आधी गाडी धुवा, पण कपड्यांच्या पावडरीनं नको. ती आधीचं वॅक्स उतरवते. गाडीचा शाम्पू घ्या. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. बोअरचं जड पाणी गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. पक्ष्याची शीट दिसली की तिथल्या तिथे भिजवून काढा, ती रंग खाते. काम सावलीत करा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मायक्रोफायबरचं फडकं वापरा. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, त्यातला एक खडा पुरतो. जुनं मऊ लुगडं आतल्या काचांना चालेल, रंगाला नको. वॅक्स अगदी पातळ लावा. जाड थरानं चकाकी वाढत नाही, पुसताना दम मात्र जातो. बोट फिरवल्यावर भुरकट थर स्वच्छ निघाला की पुसून घ्या.

काहीजणी रॉकेल नाहीतर डिझेलचा बोळा फिरवतात. चमक दिसते, पण तेलकटावर धूळ बसते आणि रबराचे भाग खराब होतात. तो मोह नको. टायर काळं करायचं औषध फक्त टायरच्या बाजूला लावा. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, स्टिअरिंगला किंवा पायाच्या ब्रेकला लागलं तर निसटून जिवावर बेतेल. या बाटल्या चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा. हातात मोजे घाला.

आता आमच्याकडे गाडी आली की आधी उन्हात उभी करतो. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक ओरखडा वहीत लिहितो, मोबाइलवर फोटो काढतो. काय जाईल आणि काय जाणार नाही, ते सांगूनच बादली उचलतो.

ते गुरुजी नंतर पुन्हा आले. म्हणाले, "ताई, चूक लपवली नाहीत, म्हणून आलो." या खेपेला मी मैद्याचीच डबी काढली, दाराखाली फूटभर जागेत लावली आणि त्यांनाच म्हटलं, "गुरुजी, आधी तुम्ही उन्हात बघा." मैत्रिणींनो, उतरलेलं वॅक्स पुन्हा लावता येतं, पण घासून गेलेला थर परत येत नाही. डबी उघडण्याआधी एवढं आठवा.