रिकामं ठेवायचं धरण

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला 'जपानमधल्या सहली' या विषयावर बोलायला सांगितलंय, आणि मी बोलणार आहे एका धरणावर. घाबरू नका, थोडक्यात आटोपतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आई पुण्याहून आली होती. निक्को झालं, किनुगावाची गरम कुंडं झाली, मग तिथून वर डोंगरात इकारी धरणावर गेलो. अरुंद घळ, दोन्हीकडे उभे कडे आणि मध्ये ११२ मीटर उंच काँक्रीटची भिंत. पाणी मात्र बरंच खाली.

"इथे दुष्काळ आहे का रे?" आईनं विचारलं.

म्हटलं, हे पूर अडवणारं धरण. वादळाचं पाणी घ्यायला पावसाळ्यात मुद्दाम जागा ठेवतात. खडकवासला भरलं की खूश होणारी ती पुणेकरीण, तिला काही हे पटेना. मग १९५६ साली बांधून झालं हे कळल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. माझे गुडघे गेले. हे फुटणार नाही ना?"

हसू आलं होतं, पण आवरलं. १२ जुलै १९६१ ला ती आठ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. पानशेत तर म्हातारंही नव्हतं, अजून पुरतं बांधून व्हायचं होतं.

इकारीच्या घळीनं आधीही एक धरण पाहिलंय, निसर्गानं घातलेलं. १६८३ च्या भूकंपात डोंगर कोसळला, नदी अडली, गाव पाण्याखाली गेलं. माणसांनी तो बांध फोडायचा प्रयत्न केला, पण खडकापुढे हात टेकले. चाळीस वर्षांनी, १७२३ मध्ये, अतिवृष्टीत तो आपणहून फुटला आणि खालची गावं वाहून गेली.

आताचं धरण तसं फुटेल असं मला वाटत नाही. काँक्रीटपेक्षा मला गाळाची धास्ती जास्त. धरण आतून भरत जातं आणि पुराची जागा तेवढी कमी होते. पण गाळ काढला, दारं बदलली, तरी धरण करून करून किती करणार? सप्टेंबर २०१५ मध्ये इकारी आणि शेजारची तीन धरणं मिळून सुमारे १० कोटी घनमीटर पाणी अडवून बसली होती. आपल्या हिशेबात साडेतीन टीएमसी, म्हणजे खडकवासल्यापेक्षा बरंच जास्त. तरीही १० तारखेला खाली इबाराकीत, जोसो शहरात, किनुगावाचा काठबांध सुमारे २०० मीटर फुटला. नगरपालिकेची इमारतसुद्धा पाण्यात! धरणं नसती तर काय झालं असतं, विचार करा.

हे सगळं मी आईला गाडीत सांगितलं. ती गप्प. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या इथे पाणी कुठवर येईल?"

आम्ही निशी-कासाईत राहतो, तुमच्यापैकीही बरेच जण. एदोगावा वॉर्डानं २०१९ मध्ये घरोघर पुराचा नकाशा वाटला होता. त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाबाहेर जाणारे बाण आहेत आणि सरळ लिहिलंय, इथे थांबू नका. आमचा नकाशा जुन्या मासिकांखाली सापडला, न उघडलेला.

आईनं तो फ्रिजवर लावला. मग विचारलं, "तिकडे कोण आहे आपलं ओळखीचं?"

साइतामात राहणाऱ्यांनी कार्यक्रमानंतर मला जरा भेटा.