ज्ञानाचे गायरान आणि त्याचे कारभारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या उमटल्या, हे मी पाहिले. शेतमालाचे भाव आणि बेकारी सोडून विकिपीडियावर बोलायला अर्थशास्त्राच्या मास्तराला कशाला उभे केले, असा तो प्रश्न होता. मालकी कोणाची, श्रम कोणाचे आणि सत्ता कोणाच्या हाती, हे आपल्या चळवळीचे तीन जुने प्रश्न आहेत. ते एका नव्या जागी उभे राहिलेले दिसतात, म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एक निबंध लिहिला. सामाईक कुरणावर जो तो आपले एक जनावर वाढवत जातो आणि अखेर कुरण उजाड होते. सबब सामाईक मालमत्ता टिकायची तर ती खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या, असा त्याचा आशय. पुढे कित्येक वर्षे तो जगभरच्या वर्गांतून शिकवला गेला, आणि मीही तो शिकवला आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी मात्र स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावरान जंगले, स्पेनमधील पाटबंधारे असे प्रत्यक्ष दाखले तपासले आणि १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच राखण केली आणि चुकणाऱ्याला पायरीपायरीने शिक्षा दिली, तर गायरान शेकडो वर्षे टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया हे असेच एक गायरान आहे. त्याच्या आधीच्या वर्षी त्याच मंडळींनी तज्ज्ञांकरवी सात टप्प्यांची तपासणी करून कोश रचण्याचा घाट घातला होता. त्यातून हाती फारसे काही आले नाही. मग दार सर्वांना उघडे केले. आज इंग्रजीतील लेख सत्तर लाखांवर गेले आहेत आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी कोशात ते लाखाच्या आसपास आहेत. डॉ. केतकरांनी कंपनी काढून, भाग विकून, वर्गणीदारांच्या दारी जाऊन ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले, त्या जिद्दीची आठवण अशा वेळी येतेच. पण इथे वर्गणीदार नाही, आणि लेखकाला मानधनही नाही.

दार उघडे आहे याचा अर्थ नियम नाहीत असा मात्र नव्हे. प्रत्येक लेखामागे त्याचा इतिहास जपलेला असतो. कोणी कोणता शब्द केव्हा बदलला ते कोणालाही पाहता येते. वाद झाला तर तो चर्चापानावर मांडायचा. एकमेकांचे लिखाण उलटवत बसण्यालाही मर्यादा आहे: इंग्रजी कोशात एका लेखावर चोवीस तासांत तीनदापेक्षा अधिक वेळा तसे करता येत नाही. आधी समज, मग काही तासांची बंदी, मग कायमची. निर्णय मतदानाने नव्हे, तर युक्तिवाद ऐकून सहमतीने व्हावा, असे तत्त्व आहे. सर्वोदयी मित्रांच्या सर्वानुमतीचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना यातली खरी मेख लगेच कळेल. बैठकीत जो सर्वांत उशिरापर्यंत बसू शकतो, त्याचे मत पुष्कळदा सहमती ठरते. ज्याला रिकामा वेळ आहे त्याची सत्ता, हाही वर्गाचाच प्रश्न आहे.

आता मला विशेष महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग सांगतो. २००२ च्या फेब्रुवारीत, हा कोश एका खाजगी कंपनीच्या छत्राखाली असताना, त्यावर जाहिराती घेतल्या जातील असे सूतोवाच झाले. स्पॅनिश भाषेतील स्वयंसेवक खवळले. आम्ही फुकट राबायचे आणि त्यावर दुसऱ्याने धंदा करायचा काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी नुसते निषेधपत्रक काढले नाही. आपण लिहिलेले सारे लेख उचलून त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या यंत्रावर स्वतंत्र कोश उभा केला. मूळचा स्पॅनिश विकिपीडिया बराच काळ मंदावला. जाहिराती घेणार नाही असे आश्वासन द्यावे लागले, त्याच वर्षी पत्ता व्यापारी वर्गातून बिगरव्यापारी वर्गात गेला आणि २००३ मध्ये ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले.

या संपाला यश का आले? आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते की, असंतुष्ट माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. बाहेर पडणे खरोखर शक्य असले की आवाजालाही वजन येते. या कोशाच्या परवान्यानुसार मजकूर कोणालाही नेता येतो, अट इतकीच की त्याने मूळ लेखकांना श्रेय द्यावे आणि तोही तसाच खुला ठेवावा. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पण साचे गिरणीतच राहिले, जमीनही मालकाचीच राहिली. स्पॅनिश स्वयंसेवक साच्यांची प्रत घेऊन बाहेर पडू शकले.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अभ्यास करून सांगितले की, संघटना कितीही लोकशाहीवादी असो, ती अखेर मूठभरांच्या हाती जाते. (हे गृहस्थ पुढे स्वतः फॅसिस्टांना मिळाले, ही गोष्ट वेगळी, त्यामुळे त्यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही.) २०१४ मध्ये आरॉन शॉ आणि बेंजामिन माको हिल यांनी अशाच पद्धतीने चालणारी ६८३ संकेतस्थळे तपासली, तेव्हा तीच प्रवृत्ती आढळली.

क्रोएशियन विकिपीडियाचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. २०११ ते २०२० या काळात प्रचालकांच्या एका गटाने तो कोश जवळजवळ ताब्यात घेतला. विरोधी संपादकांना बंदी घातली गेली, दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा राजवटीची पातके सौम्य शब्दांत रंगवली गेली. २०१३ मध्ये तेथील शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावे लागले की, या कोशावर विसंबू नका. प्रतिष्ठानाचा अहवाल आला २०२१ साली. भाषा लहान, राबणारे थोडे आणि बाहेरून लक्ष ठेवणारे कोणी नाही, अशा ठिकाणी गायरान बळकावणे किती सोपे! मराठी कोशात रोज राबणारे लोक किती थोडे आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा प्रकार परका समजू नये.

बाहेरचा दाबही आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ साली एका वृत्तसंस्थेने लावलेल्या दाव्याविषयीचे पानच त्या न्यायालयाच्या आदेशाने काढावे लागले. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आपल्या राज्यातही २०२५ च्या फेब्रुवारीत काही संपादकांवर सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मजकूर चूक असेल तर तो पुराव्याने बदलता येतो, त्यासाठी चर्चापान आहे. नाव-गाव न सांगता फुकट काम करणाऱ्या माणसाच्या दारी पोलीस गेले, तर उद्या लिहायला कोण येईल?

आपल्या कामाविषयी एकच सांगतो, कारण अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. या कोशात स्वतःचे संशोधन चालत नाही. प्रसिद्ध झालेला, तपासता येईल असा आधार लागतो. नियम योग्य आहे, पण त्याचा भार गरिबांच्या चळवळींवर अधिक पडतो. कंपनीच्या मागे वार्षिक अहवाल असतात. हमालांच्या मोर्च्याची आठवण मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. तेव्हा तालुक्यातालुक्यांत पडून असलेली पत्रके, बैठकांची इतिवृत्ते, जुन्या साप्ताहिकांच्या फायली वाळवीच्या तोंडून सोडवा, त्यांची सूची करा, पुस्तिका छापा. त्यानंतर कोशात लिहा, आणि पक्षाविषयीचे पान सोडून बाकी सर्व विषयांवर लिहा. आपल्या पानावर चूक दिसली तर चर्चापानावर पुरावा ठेवा आणि दुरुस्ती दुसऱ्याला करू द्या.