आधी गिऱ्हाईक, मग करार



मेळाव्याचं ठरल्यापासून आपल्या ग्रुपवर मला एकच प्रश्न येतोय, "ह्यूस्टनमध्ये तू नेमकं करतोस काय? दलाली?"

दलाली नव्हे. एखादं घर पडायला आलेलं असतं, किंवा वारसांना नको असतं. त्याच्या मालकाशी मी खरेदीचा करार करतो, इसार भरतो आणि मुदतीच्या आत करारातला माझा हक्क गुंतवणूकदाराला देतो. तिकडे याला होलसेलिंग म्हणतात. घर माझ्या नावावर येतच नाही. मी विकतो तो करार.

मोडक्या घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून रोख पैसे असलेला गुंतवणूकदार शोधणं हेच खरं काम. तो जाहिरातीपेक्षा सरकारी दप्तरात लवकर सापडतो. काउंटी क्लार्ककडे खरेदीखत नोंदलेलं असेल आणि सोबत कर्जाचा दस्त नसेल, तर व्यवहार बहुधा रोखीचा. एकाच भागात तेच नाव तीनदा दिसलं, की मी फोन लावतो. दुसरी जागा म्हणजे जप्तीच्या घरांचा लिलाव. टेक्सासमध्ये तो महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो. तिथे बोली लावणारे पैशांची तयारी करूनच येतात. शिवाय दुरुस्तीच्या ठेकेदारांना विचारावं. सध्या कोण घरं घेतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

भेटल्यावर मी चार गोष्टी विचारतो : कुठला भाग हवा, किती किमतीपर्यंत, गेल्या सहा महिन्यांत किती घरं घेतली आणि पैसे असल्याचा बँकेचा कागद आहे का. दोनशे नावांच्या यादीपेक्षा शब्द पाळणारे पाच जण पुरतात.

आता गणिताच्या सरांसाठी थोडा हिशेब. दुरुस्तीनंतर घर 2,00,000 डॉलरना जाईल असं धरा. गुंतवणूकदार साधारण त्याचे 70 टक्के धरतो, म्हणजे 1,40,000. दुरुस्तीचे 35,000 वजा केले, की उरले 1,05,000. माझे 8,000 काढले, तर मालकाला मी 97,000 च्या वर देऊ शकत नाही. दुरुस्तीचा आकडा मुद्दाम कमी दाखवला, तर तो गुंतवणूकदार पुन्हा फोन उचलत नाही.

काही जण आधी डझनभर करार करून ठेवतात आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतात. गिऱ्हाईक मिळालं नाही तर त्यांचा फक्त इसार जातो. पण समोर एखाद्या आजी असतात. त्या तारखेच्या भरवशावर त्यांनी मुलीकडे जायचं ठरवलेलं असतं, सामान बांधलेलं असतं, आणि घराचा थकलेला कर वाढत असतो. त्यांचा गेलेला महिना कोण भरून देणार? म्हणून ज्या भागात माझं गिऱ्हाईक नाही, तिथे मी सही करत नाही. आपण विकतोय तो करारातला हक्क आहे, घर नव्हे, हे घेणाऱ्याला सांगणं टेक्सासच्या कायद्याने 2017 पासून बंधनकारक आहे. मी ते विकणाऱ्यालाही सहीच्या आधीच सांगतो. ऐकून काही जण नाही म्हणतात. म्हणू देत.

आपल्या बाजारपेठेतला जुना आडत्याही घेणारा कोण हे मनाशी पक्कं झाल्याशिवाय शेतकऱ्याला भाव सांगत नसे. माझा धंदा त्याहून फार वेगळा नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे या व्यवसायात उतरणार असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा.