नफ्यातला वाटा आणि आपल्या हातातलं काम



आयर्लंडमध्ये कॉर्क बंदराच्या काठी रिंगास्किडी नावाचं लहानसं गाव आहे. 1969 साली फायझर तिथे आली, आणि पुढे औषधकारखान्यांची रांगच लागली. कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटर गोळीचं मूळ औषधद्रव्य इथे तयार होई. एके काळी जगात सर्वांत जास्त खपलेलं हे औषध! नोव्हेंबर 2011मध्ये अमेरिकेतलं त्याचं पेटंट संपलं, इतरांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि खप कोसळला.

आता रात्रपाळीला रिॲक्टरपाशी उभ्या असलेल्या कामगाराचा विचार करा. पेटंट संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही त्याचं काम तितकंच चोख होतं. मग त्याला नफ्यातला वाटा द्यावा का? विक्रीतून खर्च वजा जाता उरतो तो नफा. त्यात त्याचे कष्ट असतात, तसं पेटंट असतं, डॉलरचा भावही असतो. शिवाय नफा हजारोंत वाटायचा, तर एकट्यानं जादा राबून त्याच्या पदरात कितीसं पडणार?

मग नगावर पैसे द्यावेत? औषधाच्या कामात ते घातक. घाईत एक माप चुकलं, की अख्खी बॅच फेकावी लागते. मोजता येतं त्यालाच पैसे मिळाले, तर न मोजता येणारी काळजी मागे पडते. म्हणून इथे चांगला, खात्रीचा पगार आणि पाळीतल्या सगळ्यांना मिळून बोनस, हेच मला शहाणपणाचं वाटतं.

नफ्यात कामगाराचा वाटा किती, हा प्रश्न मुंबईला जुना आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि 1917पासून कामगारांना बोनस मिळू लागला. मालकांच्या लेखी ती बक्षिसी होती. कामगारांनी मात्र त्यावर घरखर्च बसवला होता. 1923चा बोनस नाकारला गेला, तेव्हा 1924च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशी समितीनं त्यांचा हक्क मानला नाही, आणि ते रिकाम्या हातांनी कामावर परतले. 1965च्या कायद्यानं मात्र ठराविक पगारापर्यंतच्या कामगारांना किमान बोनस दिला; आधी 4 टक्के, आणि पुढे तो 8.33 टक्के झाला. म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार, कंपनी तोट्यात असली तरी. आपल्या हाती नसलेल्या तोट्याचा भार कामगारावर पडू नये, हे मला मनापासून पटतं.

आयर्लंडमध्ये 1982पासून नफ्याचा वाटा शेअरच्या रूपानं देण्याची सवलत आहे. शेअर तीन वर्षं ठेवले, तर आयकर लागत नाही. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं, की मुदत संपल्यावर त्यातले काही तरी विका. पगार त्याच कंपनीचा आणि पुंजीही तिथेच असली, तर एक पेटंट संपताच दोन्हींना एकदम झळ लागते.